पाचवी प्रत

गणेशखिंड रस्त्यावरच्या माझ्या बाइंडिंगच्या दुकानात
हेरातची शकीबा आली, प्रबंधाच्या पाच प्रती घेऊन.
काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, नेहमीचंच.
मग म्हणाली, काका, कण्यावर आईचं नाव टाका.
विद्यापीठात चालणार नाही, पोरी.
चार नियमाने करा. पाचवी माझी.

तिच्या गावात आईचं नाव चारचौघांत घेत नाहीत.
लग्नाच्या पत्रिकेत नसतं,
कबरीच्या दगडावरही नाही.
अमक्याची आई, एवढ्यावर जन्म निघतो.
धाकटी बहीण आता घरीच, शाळेला कुलूप,
हे तिने सुटे पैसे मोजावेत तसं सांगितलं.

फारसी खिळे माझ्याकडे नाहीत, मी म्हटलं.
देवनागरीत टाका.
तिकडे कुणाला वाचता येणार नाही.

माहगुल.
पाच खिळे, दोन वेलांट्यांएवढी जागा सोडून.

परवा नातीच्या शाळेचा फॉर्म भरला.
आईच्या नावाला आता वेगळा रकाना आहे,
वडिलांच्या आधी.
सूनबाईंनी ठळक अक्षरांत लिहिलं, शाई पसरेपर्यंत.
माझी आई लग्नाच्या दिवशी
ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहून सुमती झाली.
त्याआधी ती कोण होती
हे मामांना ठाऊक होतं. मामा गेले.

शकीबा प्रत छातीशी धरून गेली,
पैसे जास्तच ठेवून.
रात्री इस्त्री गरम होती, वर्खाचा तुकडा उरला होता.
रेक्झिनच्या कातरणावर
खिळ्यांशिवायच दाबून पाहिला.

नुसता सोनेरी चौकोन उमटला.