काट्यावर सातशे ऐंशी

लाल गाडी न्यायला पुण्याहून पोरगा आला,
पांढरे बूट घालून.
ब्रेकरवरून तिरकी कशी काढायची ते त्याला
अंबड चौफुलीवर दोनदा दाखवलं,
तरी खालून खर्रकन आवाज आलाच.
त्या आवाजाचे मी चार वर्षं पैसे भरलेत.

खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं.
देऊळगावराजाच्या रस्त्यावर पहाटे साडेपाचला
ती पाठीत हात घालून जशी पुढं ढकलायची,
तसं मला कुणीच ढकललं नाही,
ना बापानं, ना बाजारानं.
पण सळईचा भाव पडला, दोन पार्ट्या बुडाल्या,
आणि हप्ता तेवढा सात तारखेला यायचा
धोंड्याच्या जावयासारखा, न चुकता.

उज्ज्वला म्हणाली, आता मायलेजवाली बघा एखादी.
हो म्हणालो.
आणि न चालणारी शोधायला लागलो.

इलियास मिस्त्रीला सोबत घेतलं.
त्याचं एकच म्हणणं,
"रंग नक्को देखो सेठ, जंग देखो.
जंग कहाँ तक गया, उत्ताच पूछो."
अंबडला एक कोंटेसा होती, लांबलचक, निळी,
मागच्या सीटवर कोंबडी बसलेली.
मालक म्हणाला, अंड्यासकट घ्या.
इलियासनं दारात बोट घातलं,
बोट पलीकडून बाहेर आलं.
परतूरच्या जिप्सीचा भाव
प्रत्येक फोनला पाच हजारानं वाढत गेला.
शेवटी मी फोन करणंच सोडलं,
त्याच्याच भल्यासाठी.

तिसरी शोधावी लागली नाही.
एका दुपारी मिलच्या गेटवर भंगाराचा ट्रक उभा,
पत्रे, मोडके पंखे, कुणाच्या तरी जिन्याचे कठडे,
आणि सगळ्यांच्या वर, चाकं नसलेली,
एक चौकोनी, पांढरी, बीड पासिंगची वन-एटीन.
क्रेनचं चुंबक खाली येत होतं.
मी ओरडलो, थांबव.
का ओरडलो, अजून सांगता येत नाही.
भट्टीत रोज गाड्या जातात,
वीस वर्षं त्याच भट्टीचं खातो मी.

काट्यावरच्या सोपानरावानं पावती फाडली:
लोखंड, मिश्र. सातशे ऐंशी किलो. दर छत्तीस.
अठ्ठावीस हजार ऐंशी.
वरचे ऐंशी त्यानं सोडले, हसत.
लाल गाडीचा पुढचा एक टायर
याहून महाग होता.

डॅशबोर्डच्या कप्प्यात निघालं:
परळीच्या पंपाची पावती, वीस लिटर,
केसांच्या तीन पिना,
आणि प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेलं आरसी बुक.
कुणीतरी हिला परत न्यायला येणार होतं.

लाल गाडीचं बॉनेट मी कधी उघडलं नव्हतं.
वॉरंटी जाईल म्हणायचे.
हिचं बॉनेट बंदच होत नाही.
रात्री जेवून मागच्या अंगणात जातो,
बल्ब लावतो, एक नट सोडवतो,
सुटला नाही तर त्यावर रॉकेलचा बोळा ठेवून झोपतो.
कार्बोरेटर नगरहून आला, चुकीचा.
मग बरोबर आला, फुटका.
नखं आता माझी इलियाससारखी दिसतात,
बँकेतल्या बाई सही घेताना
आधी हातांकडे बघतात.

काल सात महिन्यांनी
उज्ज्वलाला स्टेअरिंगवर बसवलं.
गल्लीला उतार जेमतेम.
इलियास एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं,
हात डिकीवर, चप्पल मागं पडलेली.
"छोड दो क्लच, भाभी!"
गाडी हबकली,
एकदाच ठसकली, खोल, म्हाताऱ्या माणसासारखी,
काळा धूर सोडला
आणि गप्प झाली.

इलियास कठड्यावर बसला, बिडी शोधत.
"बोली तो सही," म्हणाला.
मी गुडघ्यांवर हात ठेवून दम घेत उभा.
उज्ज्वलानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं
आणि अगदी गंभीरपणे विचारलं,
"मायलेज किती?"