किती मिलिमीटरचा

रात्री पावणेदोनला फोटो आला.
खाली एकच ओळ:
बाबा, हा किती मिलिमीटरचा?

तळहातावर लोखंडाचा तुकडा,
शेजारी पेनाचं टोपण, मापाचा अंदाज यावा म्हणून.
हे मीच शिकवलं होतं विशाखाला,
अंगणातल्या सुरवंटांचे फोटो काढायची तेव्हा.
तळहात कुणाचा, ते विचारलं नाही.

उठलो. कूलरचा पंप गरगरत होता.
वाडीच्या या दोन खोल्यांत दिवा लावला
की तिची आई जागी होते,
म्हणून बाथरूममध्ये जाऊन
व्हर्निअर मोबाईलच्या काचेवर धरला.

तुकड्याच्या बाकावरून अख्खा घेर काढता येतो.
एकतीस वर्षं दुसरं केलं काय?
अंबाझरीच्या कारखान्यात लेथवर
गोळ्याचं रिकामं कवच बाहेरून सोलायचं.
तापून निळा झालेला कीस पायाशी साचायचा.
मग गेज लावायचा:
गेलं तर पास, अडलं तर बाजूला.
नंदेश्वर म्हणायचा, आपण भांडीच घडवतो बाप्पा,
आत काय शिजतं ते दुसरे पाहतील.
ताडपत्री बांधलेले ट्रक
अमरावती रोडला लागायचे.
मी सायकलला डबा अडकवून घरी.

लिहिलं: एकशे बावीस.
उत्तर आलं: बरोबर. इथला एकजणही तेच म्हणाला.
मग बराच वेळ नुसतं 'टाइप करत आहे'.
मग: ड्रायव्हरच्या सीटमधून आला. मी मागे होते.

मी मागे होते.
तीन शब्द. पुन्हा पुन्हा गेज लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी बातमीत
तिचं नाव वर, जाड अक्षरांत.
तो 'स्थानिक चालक'.
त्याचं नाव तिनं फोनवर मला तीनदा सांगितलं,
मला एकदाही नीट म्हणता आलं नाही.
म्हणाली, जॅकेटवरच्या पांढऱ्या अक्षरांवर
आम्ही आता काळी पट्टी चिकटवतो.
आधी अक्षरं बघून बंदूक खाली व्हायची.

एक गोष्ट तिला अजून सांगितली नाही.
फोटो मोठा करून पाहिला तेव्हा
सगळ्यात आधी माझ्या मनात आलं ते हे
की काम स्वच्छ आहे.
थरथरीचा एक व्रण नाही.
कुणीतरी शेवटच्या कापाआधी
हत्याराला नवी धार लावलीय.

मे महिन्यात आली.
वरण-भात खाल्ला, पायात बूट तसेच ठेवून झोपली.
खिडकीजवळची खाट नको म्हणाली,
उकाड्याचं कारण सांगितलं.
पारा सेहेचाळीसवर, आम्ही मानलं.

तिसऱ्या रात्री मागच्या लाइनीत सुतळी बॉम्ब फुटला.
आवाज संपायच्या आत
ती जेवणाच्या टेबलाखाली, दोन्ही हात मानेवर.
तिची आई चिमटा घेऊन दारात उभी,
गॅसवरची पोळी करपत होती, तिला कळेना
आधी काय बंद करावं.

मी गुडघा धरून खाली बसलो,
मग आडवा झालो तिच्या शेजारी.
टेबलाच्या पाठीवर सुताराच्या पेन्सिलीचा आकडा होता,
चार बाय अडीच.
इतक्या वर्षांत कधी पाहिला नव्हता.

डोळे मिटूनच तिनं विचारलं,
बाबा, येऊन राहिला का जाऊन राहिला?

मला काय माहीत.
मी जन्मभर जाणारेच पाहिले.

वरात आहे, म्हटलं.
कोणाची?
उइकेच्या धाकट्याची. तुझ्या वर्गात होता ना, तो.
हूं, म्हणाली.
बँड सुरू झाला, पुन्हा थांबला.
तिचे ओठ हलत होते, आकडे मोजत.
चौथ्या आकड्यापासून मीही मोजू लागलो.