अर्ध्या वाटेचा दर

अहो मिस्टर हाउगेन, मैल गुणिले डॉलर इतकं सोपं असतं
तर माझ्या खुर्चीत त्यांनी कॅल्क्युलेटर बसवला असता,
आणि मी ओमाहातल्या या खिडकीशी
निवलेली कॉफी ढवळत बसले नसते.

डुलुथ ते टूसॉन. साडेअठराशे मैल, थोडे इकडेतिकडे.
आज नोव्हेंबरची नऊ तारीख.
तुमच्याकडे तळ्यांवर बर्फाची साय धरू लागली
की अर्धं मिनेसोटा दक्षिणेला निघतं,
दुखरे गुडघे, कुत्री, गोल्फच्या काठ्या,
आणि मागून ट्रकच्या पाठीवर त्यांच्या मोटारी.
ट्रकवर जागा नऊ, मागणारे तीस.
म्हणून चौदाशे ऐंशी.
वसंतात हाच ट्रक याच रस्त्यानं
आठशेतसुद्धा खाली जाईल,
रिकामं धावण्यापेक्षा बरं म्हणून.

हा दर उघड्या ट्रकचा.
बंदिस्त हवा तर दीडपट धरा.
ब्युइक? सत्त्याऐंशीची?
मग उघडाच बरा. खडी नि गारा तिच्या ओळखीच्या असतील.

सुरू होते ना?
म्हणजे किल्ली फिरवल्यावर, लाथ मारल्यावर नाही.
आपल्या चाकांनी चढली नाही तर साखळीनं ओढावी लागते,
त्याचे दीडशे वेगळे.
गल्ली केवढी आहे? पंच्याहत्तर फुटी ट्रक वळेल?
नाही वळला तर चर्चच्या मागच्या मैदानात आणून द्या.
टाकीत पाव भाग पेट्रोल, त्याहून जास्त नको.
आत सामान नको.

डिकीत काय आहे म्हणालात?

शिवणयंत्र.

विमा मोटारीचा असतो, मिस्टर हाउगेन.
शिवणयंत्र फुटलं तर कुणीच देणं लागत नाही.
काही ड्रायव्हर काणाडोळा करतात,
पण हे मी बोललेले नाही.

मग बराच वेळ तिकडून काही आलं नाही.
घड्याळ ऐकू येत होतं, किंवा हीटर.
समोरच्या स्क्रीनवर दुसरे चार फोन लुकलुकत होते,
मी ठेवून द्यायला हवा होता.

'आणि अर्ध्यापर्यंत?' तो म्हणाला.
'समजा, विचिटा.'

विचिटा आठशे मैल. नऊशे साठ.

'अर्ध्याला अर्धे नाहीत?'

नाहीत. चढवायला वेळ तेवढाच, उतरवायला तेवढाच,
पट्टे तेवढेच आवळायचे, कागद तेवढेच.
जवळचा मैल महाग पडतो.
जितकं लांब जाल तितका एकेक मैल स्वस्त होत जातो.
हे वाक्य मी दिवसातून वीसदा म्हणते.
त्या दिवशी म्हणून झाल्यावर उगाच पाणी प्यायले.

'सोल्वाय विचिटापर्यंत येईन म्हणतेय,' तो म्हणाला.
'तिची बहीण असते तिथे.
इथली थंडी तिच्या छातीला सोसत नाही,
तिथला उन्हाळा मला.
दोन वर्षं झाली. गाडी तिचीच आहे.
माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, आठशे मैल कोण चालवू देईल?
ट्रकमध्ये गाडीत माणूस बसला तर किती?'

माणूस घेत नाहीत, मिस्टर हाउगेन.

'असं. मग बसनं येतो.'

दर सात दिवस टिकतो, मी सांगितलं, पुढचं माझ्या हातात नाही.
आठव्या दिवशी फोन आला.
तोवर विचिटा साठांनी चढलं होतं.
मी जुनाच आकडा टाकला
आणि शेजारच्या टेबलावरच्या राँडाकडे पाहिलं नाही.

'गाडी सुरू झाली,' तो म्हणाला, 'तिसऱ्या किल्लीला.'

आणि डिकी?

'रिकामी केली.
यंत्र मांडीवर घेऊन बसतो.
वाटेत डी मॉइनला गाडी बदलायची आहे,
तिथे हमाल मिळतो का हो?'

ते माझ्या कामात येत नाही.
तरी मी शोधून ठेवलं.