बुधवार, दोन ते चार

अण्णांच्या अंगावरून वारं गेलं, उजवा हात गेला,
आणि कात्री तेवढी उजव्या हाताचीच राहिली.
उखर्डू शिंपी, एरंडोल.
अर्ध्या गावाच्या खांद्यांची रुंदी तोंडपाठ,
स्वतःच्या सदऱ्याचं बटण लावायला मात्र मी.

एका बुधवारी दारात कोपऱ्यावरच्या द्वारकाबाई.
“दंडवत प्रणाम.”
कृष्णमंदिरातल्या. मी मनात म्हटलं,
आता पावतीपुस्तक निघणार.
पिशवीतून निघाला चष्मा,
स्वतःच्याच गुडघ्याला चोळायचं तेल,
फडक्यात कळण्याची अर्धी भाकरी.
“जाय तू, पोरी. मी शे ना आठे.”

कुठं जाऊ?
चार वर्षं मी फक्त मेडिकलपर्यंत जात होते,
तेही गॅसवर दूध ठेवल्यासारखी.
स्टँडवर जाऊन बसले.
धुळ्याची गाडी लागली, सुटली.
पारोळ्याची लागली, सुटली.
उसाचा रस घेतला, बर्फ घालून,
आणि ग्लास संपता संपता रडू आलं.
रसवाला म्हणाला, आलं जास्त झालं का ताई?

घरी आले तर दोघं भांडत होती.
ताट अण्णांच्या पुढ्यात,
द्वारकाबाईंचे हात स्वतःच्या मांडीवर.
“देवनी डावा हात काय नुसता पाठ खाजाडाले दिधा?”
वरण सदऱ्यावर, चादरीवर,
थोडंसं तोंडात.
मला राग आला. धुणं मलाच होतं.

मग मंदिरातली आणखी माणसं येऊ लागली.
लोटन मिस्त्रीने मोरीत लोखंडी दांडी ठोकायला घेतली,
आधी अण्णांना उभं करून माप घेतलं,
आणि माप चुकलं म्हणून अण्णा त्याच्यावर खेकसले,
दुकानात कारागिरावर खेकसायचे, तसे.
दांडी दोन बोटं खाली आली.

मी एकदा विचारलंच, याचं पुण्य लागतं का तुमच्यात?
द्वारकाबाई तांदूळ निवडत होत्या, आमचेच.
“पुन्य-बिन्य माले नही समजत.
बुधवारले मी मोकयी ऱ्हास.”

दिवाळीनंतर त्या कापड घेऊन आल्या.
पोथ्यांची बासनं विरली होती.
“शिवी दे, भाऊ.”
मशीनचं चाक मी फिरवीन, असं मी ठरवलं.
अण्णांनी मला स्वयंपाकघरात पाठवलं.
एक बासन, अकरा दिवस.
शिवण अंजनी नदीसारखी,
वळत वळत, मध्येच कोरडी.
मंदिरात पोथी त्यातच बांधली गेली.
वाहवा कुणी केली नाही.
एका म्हाताऱ्याने निरोप धाडला, नाडी आखूड आहे.
अण्णा दिवसभर खूश.
तक्रार आली, म्हणजे दुकान चालू.

माघातल्या एका बुधवारी दोन वाजले,
सव्वादोन, अडीच.
गल्लीतलं पोर सांगत आलं,
द्वारकाबाई न्हाणीत पडल्या, पाय प्लास्टरमध्ये.
अण्णांनी खाटेची कड धरली.
मग चौकट. मग काठी.
गळ्यात टेप टाकला, का ते त्यांनाच ठाऊक.
“अण्णा, कुठं?”
उत्तर नाही.

पाच घरं. दोन थांबे,
त्यातला एक गिरणीच्या ओट्यावर,
गिऱ्हाइकांशी बोलायला थांबल्यासारखा आव आणून.
मी दहा पावलं मागं, चोरासारखी.
आतून आवाज आला, “कोन शे?”
अण्णांची जीभ अजून अर्धीच वळते.
“मी,” म्हणाले. दम खाल्ला.
“मी शे ना.”

थोड्या वेळाने द्वारकाबाईंची सून बाहेर आली,
एक चप्पल पायात, एक हातात.
सासू पडल्यापासून उंबऱ्याबाहेर नव्हती.
गल्लीच्या या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं.
तो चेहरा मी ओळखला.
म्हटलं, स्टँडवर रस चांगला मिळतो.
आलं कमी टाकायला सांग.