आळं

अकिताच्या डोंगरात एप्रिल लागला तरी
बर्फ छातीभर.
फक्त बुनाच्या बुंध्याशी गोल खड्डा,
तळाला काळी माती.
कुणी कुदळ मारलेली नाही.
झाडानं आपलं आपण आळं केलंय.

"आधी हे बघायचं," तोकुजी म्हणाले होते,
मी वनखात्यात नवी असताना.
"मग सालीला हात लाव. हातमोजा काढून.
गुळगुळीत ना? वर डाग दिसतात ते दगडफुलाचे,
झाडाचे नव्हेत, भाडेकरूंचे.
आता पान. खड्ड्यातलं जुनंच घे.
कडेला लाटा आहेत.
मधल्या शिरेचा एक फाटा धर, नखानं जा कडेपर्यंत.
कुठे पोचलीस? लाटेच्या माथ्यावर?
मग दुसरंच झाड.
बुनाची शीर खाचेत उतरते."

हे त्यांना ठाऊक, कारण चाळीस वर्षं
त्यांनी बुनाच कापले.
वरून हुकूम: हे लाकूड पीळ खातं, कुजतं, कवडीमोलाचं;
तिथे सुगी लावा, ओळीत.
सुगी नावाची ती सरळसोट झाडं
या बर्फात कमरेत मोडली.
सुगी काही आली नाही.

सहा-सात वर्षांतून एकदा बुना भरभरून फळतो.
त्या वर्षी अस्वलांच्या आधी पोचायचं.
तिधारी बिया बादलीत टाकायच्या:
तरंगल्या त्या पोकळ,
बुडाल्या त्या ओल्या वाळूत, थंडीत, वसंतापर्यंत.
एकदा सुकली की बी मेली.
उगवताना दोन जाड दळं, हातपंख्यासारखी पसरट.
मग उंदीर. मग ससे. मग नुसती वाट.

आमची रोपं चौदा वर्षांची, अंगठ्याएवढी जाड.
हिवाळाभर बर्फाखाली आडवी निजून असतात.
आज एक माझ्यासमोर उठलं,
फटकन, कुणी हाक मारल्यासारखं.
माझ्या बाहीवर बर्फ झटकलं
आणि थरथरत उभं राहिलं.

मी तिथूनच फोन लावला. तोकुजींना आता चढवत नाही.
"उठलं?"
"उठलं."
"साल?"
"गुळगुळीत. एक डाग आलाय, नाण्याएवढा."
"म्हणजे भाडेकरू आला."
खोकला. बराच वेळ खोकला.
"आणि आळं?"
मी वाकून पाहिलं.
"अजून नाही."
"मग लहान आहे," म्हणाले,
आणि फोन ठेवला.