वरची पट्टी

ऐकू आलं की बटण दाबा, ती मुलगी म्हणाली,
आणि काचेपलीकडे जाऊन बसली.
कर्वे रोडवरच्या या खोक्यात
भिंतींना करडा स्पंज, कानांवर घट्ट हेडफोन.
बाहेरचे हॉर्न दारातच चपला काढून थांबलेत.

आधी खर्जातला एक ठिपका. दाबलं.
थोडा वरचा. दाबलं.
मग बराच वेळ काहीच नाही.

शहाऐंशी साली मला सगळं ऐकू यायचं.
क्राउनचा टीव्ही चालू आहे की बंद
हे मी जिन्यातून सांगायचे.
आवाज शून्यावर, पडदा काळा,
तरी सुईच्या टोकाएवढी एक शिट्टी
दाराच्या फटीतून बाहेर यायची.
शिरीष म्हणायचा, थापा.
बाबांचा तर प्रश्नच नव्हता,
मुंढव्याच्या फोर्ज शॉपमध्ये एकोणीस वर्षांत
त्यांचा डावा कान कंपनीकडेच जमा झाला होता.

त्या टीव्हीला शिरीषनं स्पेक्ट्रम जोडला.
मुंजीचे पैसे, बाबांचा बोनस,
आणि आईनं न घेतलेली शिलाई मशीनची मोटर
एवढं सगळं मिळून
वहीएवढा एक काळा तुकडा,
बटणं खोडरबराची,
दाबली की परत वर यायला आळस करणारी.

कॅसेट घालायची. प्ले.
पहिल्यांदा लांबलचक एकच सूर,
पेटीवरचं बोट कुणी उचलायलाच विसरावं तसा,
आणि रंग नसलेल्या आमच्या पडद्याच्या कडेनं
करड्या पट्ट्या संथ सरकत.
मग एक चिरका तुकडा.
क्षणभर शांत.
पुन्हा सूर,
आणि मग तडतडती मोहरी, गिरणीचा पट्टा,
फरशीवरून पत्रा ओढत नेणारं कुणी,
सगळं एकदम.
खालच्या सोवनीबाई विचारायच्या,
"काय गं, रोज काय किसता एवढं?"

साडेचार मिनिटं.
मध्येच शेजारी मिक्सर लागला
की टेप लोडिंग एरर, शून्य, कोलन, एक.
पुन्हा रिवाइंड.
गुरुवारी तर वीजच नसायची.

तापकीर गल्लीतल्या कोंढाळकरांनी शिकवलं:
हेडच्या बाजूला बारीक स्क्रू असतो,
पाव फेरा इकडे, पाव तिकडे,
आवाजाला धार आली की थांबायचं.
शिरीषला धार कळेना.
मला कळायची.
तो प्रोग्राम लिहायचा, मी स्क्रू फिरवायचे.
हे लोड होणार नाही, मी दुसऱ्याच मिनिटाला सांगायचे,
तो ऐकायचा नाही,
आणि चौथ्या मिनिटाला माझ्यावरच चिडायचा,
जणू मी बोलल्यामुळे झालं.

एकदा बाबा रात्रपाळीहून आले,
चांगला कान टेपरेकॉर्डरला लावून बसले,
पूर्ण साडेचार मिनिटं.
मग म्हणाले,
"हॅमरचा बेल्ट सुटायच्या आधी अस्संच ओरडतो."
आणि आंघोळीला गेले.

शिरीष आता ऑस्टिनला.
मागच्या दिवाळीत त्यानं तोच गेम फोनवर पाठवला.
बोट लावताक्षणी सुरू झाला,
तोंडातून अवाक्षर न काढता.
मी बंद केला.

मुलगी दार उघडते, कागद पुढे करते.
रेघ डावीकडे बरी आहे,
उजवीकडे पर्वतीच्या पायऱ्या उतरते.
"वयोमानानं होतं, काकू.
वरच्या पट्टीतलं आधी जातं."
जरा थांबून, हसत,
"पण मध्ये तीनदा तुम्ही उगीचच दाबलंत.
मी काही वाजवलंच नव्हतं."

हो का, मी म्हटलं.
टीव्ही चालू राहिला असेल कुठेतरी.