सेकंड माल

आपला देश नाही, आधीच सांगून ठेवतो.
सोलापुरापेक्षा कमी माणसं असतील त्या देशात,
नाव घेताना जीभ दोनदा अडखळते.
पण त्यांच्या जर्सीचा हिरवा
म्हणजे आमच्या बेचाळीस नंबरच्या टॉवेलच्या काठाचा हिरवा,
एवढ्यावर जीव जडला, लका, काय करणार.

रात्रीचा एक. अक्कलकोट रोड, एमआयडीसी.
नरसिमलू यल्दीच्या टपरीवर टीव्ही,
वर पंखा, तो फक्त टीव्हीला वारा घालतो.
कारखाना सुटून दोन तास झाले
तरी माग कानात चालूच, खटक खटक,
कॉमेंट्री मला निम्मीच कळते.
निम्मी पुरते.

अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. शून्य-शून्य.
समोरच्यांचा तो सात नंबरवाला
बॉक्समध्ये शिरला
आणि पडला.
कोणी हात लावला नाही. वारा लागला असेल.
पडला, लोळला, घोटा धरला,
मग आठवण झाली, गुडघा धरला.
गड्ड्याच्या जत्रेत मौत का कुआँमधला पोरगा
एका वर्षी खरोखर खाली आला होता गाडीसकट.
उठला, पँट झटकली,
पुढच्या खेळाची तिकिटं फाडायला गेला.

शिट्टी.

मैनुद्दीन म्हणाला, थांब बे, व्हिडिओ बघतील की.
बघितला. कानाला बोट लावून पंच
त्या छोट्या पडद्यापाशी गेला,
पाचव्या दिवशी वॉलमन चावी घेऊन बोळात शिरतो तसा,
आणि आपल्याला वाटतं, आज आपली लाइन सुटणार.
सोळा कॅमेरे. संथ केलं, उलटं केलं,
दोघांच्या पायांमध्ये गवताची एवढी फट
की रिक्षा गेली असती, मागे तीन सवाऱ्या बसवून.
पंच परत आला. बोट पांढऱ्या ठिपक्याकडे.

ग्लास आपटला मी. कागदी होता, चहा मांडीवर.
पंचाच्या सात पिढ्या काढल्या,
मराठीत, मग कन्नडमध्ये,
तेलुगूची बाजू नरसिमलूने सांभाळली.
आंधळ्या! एकोणीस वर्षं फोल्डिंग खात्यात उभा आहे मी,
टॉवेल टेबलावरून सरकतो आणि अंगठ्याला कळतं
एक धागा कमी. एक!
लाइट गेली तरी सांगतो,
तुला सोळा कॅमेरे पुरले नाहीत?

तेव्हा त्यांचा कप्तान पंचासमोर येऊन उभा राहिला.
ओरडला नाही. नुसते दोन्ही तळवे पुढे केले,
म्हणजे, कुठं? दाखव की.

आठवी पिढी तोंडात होती, तिथंच राहिली.

दिवाळीच्या आधी शेठ म्हणाले होते,
या महिन्यात सेकंड माल जरा जास्त निघाला पाहिजे.
का, ते विचारलं नाही. सेकंडची मजुरी निम्मी, बोनस तोंडावर,
विचारायचं काय त्यात.
राजमोगली चिप्पाच्या गठ्ठ्यात एकवीस टॉवेलांवर
निळ्या खडूने फुली मारली मी.
म्हातारा एकेक उचलून ट्यूबलाइटखाली धरत गेला,
उलटा, सुलटा, पुन्हा उलटा,
चष्मा कपाळावर, चष्मा नाकावर.
मग म्हणाला, एक्कड?
मी बोट ठेवलं कुठंतरी.
त्या जागेवर त्याने हात फिरवला, बराच वेळ,
आणि मान हलवली,
सापडल्यासारखी.

पेनल्टी आत गेली.
गोलकीपर बरोबर बाजूला झेपावला होता, हेही सांगून ठेवतो,
बोटं लागली होती बॉलला.

मैनुद्दीन विचारतो, एकदम गप का झाला बे?
म्हटलं, मांडी भाजली.

पंच चोर आहे. ते मी मागे घेत नाही.
शनिवारी परतीची मॅच, तेव्हाही हेच म्हणेन, याहून मोठ्याने.
त्याच्या आधी उद्या दुपारी तीनची पाळी.
राजमोगली दारातच भेटतो,
हसतो, चुना लावून तंबाखू मळतो,
अर्धी माझ्यापुढे करतो.

मी घेतो.